पेवातला क्रूस

पोळा नुकताच झाला होता आणि गणपती दोन दिवसांवर आले होते. दुकानात एका मंडळाच्या मखराची घाई चाललेली, प्लायच्या भुशानं माणसं ओळखू येत नव्हती. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. नातवाच्या मागं बसून आलेल्या एक मावशी उतरल्या. ऐंशीच्या पुढच्या, अंगानं काटकुळ्या, हातात जुन्या लुगड्याचं गाठोडं. नातू घ्यायला पुढं झाला तर त्यांनी दिलं नाही. स्वतः आत आल्या, माझ्या बाकड्यावरची पटाशी आपल्या हातानं बाजूला सरकवली आणि गाठोडं तिथं ठेवलं.

"मिस्तरी, सोनारानं हात लावला नाही. म्हणे लाकडाचं काम हाय, सुताराकडं न्या."

गाठोडं सोडलं तर आत क्रूस. तीन पायऱ्यांच्या बैठकीवर उभा केलेला, बैठकीसकट सतरा इंच. पिवळसर लाकूड आणि त्यात काळपट तपकिरी लाटा, जणू कुणी तेलात शाई सोडून ती काडीनं फिरवलीय. हे लाकूड मी कधी रंध्याखाली घेतलेलं नव्हतं. साग नाही, शिसव नाही, बाभूळ नाही, आपल्याकडच्या कशातच बसेना. पुढच्या सगळ्या अंगाला शिंपल्याचं जडावकाम. दांड्यांच्या कडेनं त्रिकोणी तुकड्यांची नक्षी, मधोमध शिंपल्यातच कोरलेला बोटभर उंचीचा येशू, पायाशी एक कवटी आणि दोन हाडं. बैठकीच्या मधल्या पायरीवर रोमन अक्षरांत कोरलेलं: जेरुसलेम.

ही कवटी कशाला, असं नातू म्हणाला, तर मावशींनी त्याला तिथंच गप्प केलं. येशूला ज्या टेकडीवर क्रूसावर चढवलं तिचं नाव गुलगुथा, म्हणजे कवटीची जागा. पहिला माणूस आदाम तिथंच पुरलेला आहे अशी जुनी श्रद्धा, म्हणून कारागीर ती कवटी दाखवतात. हे मला मावशींनी बाकड्याशी उभ्या उभ्या सांगितलं. शाळेत न गेलेली बाई, पण त्या सतरा इंचांतली एकेक गोष्ट त्यांना पाठ होती.

मी वैजापूरचा. आमच्या घरात तीन पिढ्यांची सुतारकी. आजोबा औतं, तिफणी आणि गाडीची चाकं करायचे, वडील दारं, चौकटी आणि देव्हारे करायचे, मी सोफे आणि किचनच्या ट्रॉल्या करतो. देव्हारे मीही केले. पण दुसऱ्या कुणाचा देव असा उघडा बाकड्यावर आला की आधी हात धुवून यावंसं वाटतं, तसे मी धुवून आलो. मावशींनी ते पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर त्यांनी क्रूसावरचा हात काढला आणि त्या खुर्चीवर टेकल्या.

नुकसान मोजायला मला पाऊण तास लागला. अकरा तुकडे सुटून हलत होते, आठ पार गायब. गायब झालेल्यांत सात बारीक त्रिकोण आणि एक चकती. दोन तुकडे कुणीतरी झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बसवलेले, तो गोंद बाहेर येऊन पांढरा पडलेला. आणि खालच्या अर्ध्या भागातल्या शिंपल्याची चमकच गेलेली. वरचा भाग उन्हात धरला की गुलाबी-हिरवा खेळायचा, खालचा खडूसारखा मेलेला.

"हे खाली कशानं घासलं, मावशी?"

"सुनंनं. चिंचंनं. देवाची पितळी टाकं घासत्यात तशी. तिची चूक नाही, तिला काय म्हाईत. तिनं मनापासून केलं."

शिंपला म्हणजे शेवटी चुनाच. चिंच, लिंबू, व्हिनेगर, काहीही आंबट लागलं की त्याचा वरचा पापुद्रा विरघळतो, आणि तो खेळणारा रंग त्या पातळ पापुद्र्यांतच असतो. पितळेला जे तारतं ते शिंपल्याला मारतं. ज्यांच्या घरी शिंपल्याचं काही जुनं असेल, डबी असो, पाट असो, माळ असो, त्यांनी ते नुसत्या ओलसर मऊ फडक्यानं पुसावं आणि लगेच कोरडं करावं. दुसरं काहीही नको.

त्या रात्री माझ्या मुलीनं मोबाइलवर शोधाशोध केली. तासाभरात तिनं अगदी अशाच क्रूसांचे फोटो काढून दाखवले, युरोपातल्या संग्रहालयांतले. हे काम बेथलेहेमचं. लाकूड जैतुनाचं. सोळाव्या-सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी तिथल्या ख्रिस्ती कारागिरांना या धंद्याला लावलं, शिंपला तांबड्या समुद्रातून यायचा, आणि यात्रेला आलेले लोक हे क्रूस आणि माळा घरी न्यायचे. आपल्याकडं पंढरीहून येताना बुक्का आणि तुळशीची माळ आणतात, तसंच. याच गावात त्यांनी जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चचे लाकडी नमुनेही केले. जैतून आणि पिस्त्याचं लाकूड, त्यात शिंपला आणि हाड जडवलेलं. वरचा घुमट उचलून बाजूला ठेवला की आतल्या खोल्या दिसतात. बर्नार्दिनो आमिको नावाच्या एका फ्रान्सिस्कन संन्याशानं त्या चर्चची मोजमापं घेऊन नकाशे काढले आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते छापले गेले, त्या नकाशांवरून हे नमुने होत. मी ते फोटो किती वेळ पाहत बसलो. घुमटाचा प्रत्येक तुकडा कापायला सुताराला किती दिवस लागले असतील, हे मला फोटोतूनही मोजता येत होतं.

मग हा क्रूस वैजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात कसा? ते मावशींनी सांगितलं. 1890 च्या दशकात फ्रान्सच्या सावोय भागातले फादर आपल्या या भागात आले, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे. खेडोपाडी फिरले, दुष्काळ पाहिले, प्लेग पाहिला. मावशींच्या आजोबांना त्यांनी हाताशी धरलं, लिहायला-वाचायला शिकवलं. आजोबा मास्तर झाले. इथं मास्तर म्हणजे नुसता शाळेतला नाही. फादर गावात नसले की लोकांना जमवून प्रार्थना सांगणारा, आजाऱ्याजवळ बसणारा, मर्तिकाला पुढं होणारा तो मास्तर. पुढं त्यांचा मुलगा, म्हणजे मावशींचे वडील, तेही मास्तर झाले. म्हातारपणी फादरांनी आपल्या पेटीतला हा क्रूस आजोबांना दिला. गावात चर्च नव्हतं. मास्तरांच्या ओसरीवर फळीवर हा क्रूस ठेवायचा आणि त्याच्यापुढं सगळा वाडा गुडघे टेकायचा.

1948 साली रझाकारांच्या धामधुमीत गावातली बरीच घरं गोदावरी ओलांडून नगरच्या बाजूला गेली. मावशी तेव्हा पाच-सहा वर्षांच्या. निघताना वडिलांनी क्रूस घोंगडीत गुंडाळून ज्वारीच्या पेवात ठेवला. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची विहीरच. तोंड अरुंद, पोट मोठं, आत कडबा लावलेला, तोंडावर शिळा आणि वरून माती लिंपलेली. वरून चालत गेलं तरी पत्ता लागायचा नाही. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, माणसं परतली. पेव उघडल्यावर आत लगेच उतरत नाहीत, आतली हवा माणूस मारते. वडिलांनी दोरीनं कंदील सोडला. तो विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला, तेव्हा जळत राहिला आणि मग ते उतरले. मावशींना त्या कंदिलाचं सगळं आठवतं. ज्वारी काळी पडली होती. घोंगडी उलगडली तर क्रूसाचे तुकडे घोंगडीच्या लोकरीत अडकलेले.

तिथंच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. हे जडावकाम सरसानं चिकटवलेलं होतं, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकानं. सरस कोरडा असला की शंभर वर्षं टिकतो, ओल लागली की पुन्हा मऊ होतो. पावसाळ्यातले महिने ज्वारीच्या वाफेत काढल्यावर तो सुटणारच. आणि त्यानंतरचे आपले उन्हाळे. लाकूड हवेबरोबर हलतं. पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, तेही रेषांच्या आडव्या अंगानं, लांबीला जवळजवळ नाहीच. शिंपला मात्र हलत नाही. पायाखालची जमीन वर्षातून दोनदा सरकते आणि वरचा दगड जागेवर, असं ते चालतं. मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा आकसलेल्या खोबणीतून तुकडा टुपकन बाहेर पडतो. घरच्यांना वाटतं लेकरांनी काढला.

मी मावशींना सांगितलं, आत्ता हात लावणार नाही. भाद्रपदात लाकूड फुगलेलं आहे. आत्ता तुकडे घट्ट बसवले तर उन्हाळ्यात सगळे उडतील, उन्हाळ्यात बसवले तर पावसाळ्यात लाकूड फुगून खोबणी सैल पडतील. दिवाळीनंतर हवा मधली असते, तेव्हा करू.

"मंग राखेच्या बुधवारच्या आत द्या. उपासाच्या दिवसांत क्रूसाची वाट चालायची असती, तवा तो फळीवर पायजे."

राखेचा बुधवार म्हणजे इस्टरच्या आधीच्या त्या उपासांचा पहिला दिवस. मी हो म्हटलं. आणि मग मनातली एक जुनी गोष्ट मी त्यांना सांगून टाकली, कारण न सांगता ते काम हातात घेणं मला बरोबर वाटेना. वीसेक वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या चर्चची जुनी लाकडी वेदी माझ्याकडं पॉलिशला आली होती. सागवानाची, पुढच्या फळीवर द्राक्षाचे घोस आणि गव्हाच्या लोंब्या कोरलेल्या, वर काळाकुट्ट थर. नवी दिसली पाहिजे असं मला सांगितलं होतं. मी कॉस्टिक लावलं, घासलं, धुतलं, पॉलिश पेपर मारला, चकचकीत केलं. सगळे खूश झाले. पण धुताना माझ्या हातातल्या चिंधीवर निळा रंग उतरला होता. आणि एका घडीत सोन्याच्या वर्खाचा एक कण. त्या काळ्या थराच्या खाली द्राक्षं निळी रंगवलेली होती, पानांच्या कडांना वर्ख होता, आणि तो मी गटारात सोडला होता. ती चिंधी मी बरेच दिवस खिळ्याला अडकवून ठेवली होती. पुढं पावसात ती कुजली.

मावशी ऐकून घेऊन म्हणाल्या, "आता करू नका म्हंजे झालं."

नोव्हेंबरात मी जुन्या गोव्याला जाऊन आलो. बायको म्हणाली समुद्र बघू, मी म्हटलं आधी संग्रहालय. सांता मोनिकाच्या जुन्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. 1994 मध्ये ते गोव्यातल्याच राशोलला सुरू झालं आणि 2002 मध्ये या मठात आलं. तिथं हस्तिदंताचे येशू आणि मरिया, चांदीची पात्रं, लाकडी संत असं बरंच आहे, पण मी सुताराच्या डोळ्यानं गेलो होतो. पोर्तुगीज काळात गोव्याच्या कारागिरांनी केलेल्या खणांच्या पेट्या सागाच्या असत, त्यावर आबनुसाचं काळं जडावकाम, वर्तुळात वर्तुळ गुंफलेलं, आणि ठिकठिकाणी हस्तिदंताचे टिपके. ते टिपके नुसती शोभा नव्हेत. तुकडा लाकडात धरून ठेवणारी ती खिळी आहे. मला तर वाटतं, कोकणपट्टीच्या पावसात नुसत्या सरसावर भरवसा ठेवता येत नाही हे त्या सुतारांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी खिळी मारली आणि खिळीचीच नक्षी केली. बेथलेहेमच्या कारागिराला हा पाऊस माहीत नव्हता. त्याला काय कल्पना की त्याचा क्रूस एक दिवस ज्वारीच्या पेवात उतरणार आहे.

त्या पेट्यांच्या पायांपाशी मी बराच वेळ खाली बसून होतो. काहींचे पाय म्हणजे नागकन्या. वर बाईचं अंग, खाली वळसे घेतलेली शेपटी. काही जुन्या चर्चांत प्रवचनाचा उंच कठडासुद्धा अशाच आकृत्यांवर तोललेला असतो. काम ख्रिस्ताचं आणि हात इथल्याच सुताराचा. त्याला वजन तोलायला सांगितलं तर त्याला जे तोलणारे माहीत होते तेच त्यानं कोरले.

बॉम जेझूसच्या चर्चमध्ये मुख्य वेदीमागची लाकडी भिंतच्या भिंत सोन्याच्या वर्खानं मढवलेली आहे. बाहेरून मात्र ते चर्च उघड्या जांभ्या दगडाचं दिसतं. मूळचं ते तसं नव्हतं. त्यावर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुकारानं तो काढायला लावला, जुनं दिसावं म्हणून. आता उघडा जांभा दरवर्षी पाऊस पितो आणि झिजतो. तिथं उभं राहून मला माझी चिंधी आठवली.

कामाला लागलो तेव्हा डिसेंबर उजाडला होता. सरस मिळवायलाच चार दिवस गेले. हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर पोरगं हसलं. शेवटी पेटी-तबला दुरुस्त करणाऱ्या एकाकडून आणला. वडील करायचे तसा रात्रभर भिजवला, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम केला. साठ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, उकळला की त्याचा जीव जातो. तो वास दुकानात पसरला आणि तीस वर्षांनी वडील शेजारी उभे राहिल्यासारखं झालं. पोरं म्हणाली, काका, फेव्हिकॉलनं पाच मिनिटांत होईल. होईल. पण तो वाळला की पुढच्याला सोडवता येणार नाही. सरसाचं काम पन्नास वर्षांनी कुणी दुसरा सुतार ऊबदार ओलाव्यानं सोडवू शकतो, मला चुकीचा ठरवून पुन्हा नीट बसवू शकतो. ती वाट मला बंद करायची नव्हती.

झटपट गोंदाचे ते दोन तुकडे सगळ्यात अवघड गेले. तो गोंद ॲसिटोननं विरघळतो, पण लाकडावरचं जुनं लाखेचं पॉलिशही त्यानं जातं, आणि शिंपल्यावर कोरलेल्या रेघांत भरलेलं काळंही. म्हणून झिरो नंबरच्या ब्रशानं एकेक थेंब कडेला सोडायचा, टिपकागदानं लगेच उचलायचा, वाट बघायची. दोन तुकड्यांना तीन संध्याकाळी लागल्या.

बैठकीच्या खालच्या पायरीचा एक कोपरा तुटलेला होता, बोटाच्या पेराएवढा. जैतुनाचं लाकूड वैजापुरात कुठून आणणार? मावशींना सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी नातवाबरोबर एका तुटलेल्या माळेचे मणी पाठवले. त्यांच्या भाच्याला एका फादरांनी जेरुसलेमहून आणून दिलेली जैतुनाची माळ. निरोप होता, "माळ तुटलीच हाय, मणी तिच्याच गावाला जाऊ द्या." तीन मणी चिरून, काप एकमेकांना जोडून कोपरा उभा केला. लाकूड तेच, पण रंग नवा, पिवळाधमक, जुन्या बैठकीशेजारी डोळ्यात खुपायचा.

इथं मला इटलीतल्या एका माणसाची मदत झाली. सोळाव्या शतकात बोलोन्याच्या सान दोमेनिको चर्चमध्ये फ्रा दामियानो नावाचा डोमिनिकन संन्यासी होता, मूळ बेर्गामोचा. चर्चमध्ये गाणाऱ्या संन्याशांच्या आसनांच्या पाठींवर त्यानं बायबलातले प्रसंग नुसत्या लाकडाच्या तुकड्यांनी जडवले. घरं, डोंगर, माणसांचे चेहरे, सावल्यांसकट. सम्राट पाचव्या चार्ल्सचा विश्वास बसेना, त्यानं खंजिराच्या टोकानं खरवडून पाहिलं की रंग आहे का लाकूड, अशी गोष्ट सांगतात. 1549 मध्ये हा संन्यासी वारला. लाकडाला रंग चढवायला तो आम्ल आणि रंगद्रव्यं वापरायचा. आणि सावली द्यायची या लोकांची जुनी रीत म्हणजे तापलेली वाळू. पातळ तुकड्याची कड गरम वाळूत खोचायची. जिथं खोल खोचली तिथं गडद, वर फिकं, मधे हळूहळू विरत जाणारा रंग. ब्रशानं असं येत नाही.

मी पैठणला गेलो होतो तेव्हा गोदावरीची बारीक वाळू पिशवीभर आणली होती, ती चाळली, धुतली, लोखंडी कढईत तापवली. आधी शिवणीच्या लाकडाच्या चिपा खोचून पाहिल्या. दहा-बारा आकडे मोजले की बदामी, वीसवर काथ्याचा रंग, त्यापुढं कोळसा. शिवणीवर हात बसल्यावर जैतुनाचा तुकडा चिमट्यात धरून खोचला. पंधरा मोजून काढला. जुन्या कोपऱ्याशेजारी धरला तर शेजारच्या लाटेतून निघालेली काळी रेघ नव्या तुकड्यात शिरून विरून जातेय असं दिसलं. मी मुलीला हाक मारली. तिला काय बघायचं ते कळेना, आणि तेच पाहिजे होतं.

राहिला गायब शिंपला. सात त्रिकोण आणि ती चकती.

चकतीचं सांगायला हवं. क्रूसाच्या चार टोकांना चार चकत्या होत्या, शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांच्या चार खुणा: मार्कचा सिंह, लूकचा बैल, योहानाचा गरुड आणि मत्तयचा पंखवाला माणूस. चौघांनाही पंख. तीन शाबूत होत्या. सिंह आणि गरुडाच्या रेघा अजून धारदार आहेत, पण बैल जवळपास पुसलेला. हात लावला तर अंगठ्याला खळगा लागतो. मी मावशींना विचारलं, तर त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. पोळ्याला गावभर बैल सजायचे. मास्तरांच्या घरी एकच बैलजोडी, पण लेकरं सहा, आणि शिंगं रंगवायला पाळी कुणाची यावरून रडारड. मग मास्तर फळीवरून क्रूस खाली घ्यायचे आणि ज्याची पाळी आली नाही त्यानं लूकच्या बैलाला हात लावायचा. पुढं ती घरची रीतच पडली. नातवंडांनी लावला, पतवंडांनी लावला. मावशी माझ्याकडं आल्या त्याच्या दोन दिवस आधी, पोळ्याच्या दिवशी, एका दोन वर्षांच्या पोरीनं लावला होता.

नातवाचं म्हणणं, शहरात लेझर कटिंगवाला आहे, कॉम्प्युटरवर चित्र टाकलं की चारही चकत्या नव्या कोऱ्या करून देतो. त्याला आपल्या आजीचा क्रूस चांगला दिसावा असंच वाटत होतं. मी त्याला बैलावर अंगठा फिरवायला सांगितला. त्यानं फिरवला, आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

पण माणसाची चकती? तिथं काय होतं हे मला ठाऊक होतं, कसं होतं हे नाही. बेथलेहेमच्या त्या सुतारानं चेहरा समोरून काढला होता का बाजूनं, पंख मिटलेले होते का उघडे, हे मी मनानं कोरलं असतं तर पुढच्या लोकांनी ते त्याचंच समजलं असतं. कोरा शिंपला बसवावा असं मी ठरवलं. पण तसा जुना, जाड शिंपला मिळेना. बाजारात मिळतो तो फार पांढरा, फार चकचकीत.

जानेवारीत मावशी पुन्हा आल्या. या वेळी हातात एक कागदाची पुडी. त्यात पाच बटणं. शिंपल्याची, चार भोकांची, कडेनं पिवळी पडलेली. वडील मास्तर रविवारी आणि मिस्सेला, म्हणजे फादरांच्या मोठ्या प्रार्थनेला, काळा कोट घालायचे, तो कोट कसरीनं खाल्ला, बटणं तेवढी आईनं काढून ठेवलेली.

मी एक बटण उन्हात धरलं. गुलाबी, मग हिरवं. क्रूसाच्या वरच्या भागाशेजारी धरलं तर डोळ्याला फरक लागेना.

दोन बटणांतून सात त्रिकोण निघाले. शिंपला कोरडा घासायचा नाही, त्याची धूळ छातीत जाऊन बसते, म्हणून पाण्यात बुडवून बारीक कानशीनं, तोंडाला फडकं बांधून घासत होतो. अर्ध्या सुताहून पातळ करायचं होतं. एक त्रिकोण शेवटच्या घासाला तुटला, तो पुन्हा केला. सरसाचा एकेक थेंब, वर मेणकागद, वर वाळूची छोटी थैली वजनाला, रात्रभर. वाळू तीच गोदावरीची.

चकतीसाठी तिसरं बटण घेतलं. कडेनं थोडं घासलं की खोबणीत नेमकं बसत होतं. प्रश्न भोकांचा. मी जैतुनाच्या चार बारीक खुंट्या करून ठेवल्या होत्या, भोकं बुजवून वरून सपाट केलं की कोरी चकती तयार. मावशी नेमक्या त्या दिवशी दुकानात होत्या. मी खुंटी चिमट्यात धरली आणि त्यांनी विचारलं काय करताय. सांगितलं.

"नगा बुजवू."

"मावशी, बटण दिसेल ते."

"दिसू द्या की. माणसाची जागा हाय ना ती? माझ्या बापाचं बटण हाय ते. लोकांनी इचारलं तर सांगीन."

मी खुंट्या बाजूला ठेवल्या. बटण तसंच बसवलं, चारही भोकं उघडी. आत सरस येऊ नये म्हणून तो फक्त कडेला लावला. चिंचेनं मेलेल्या खालच्या भागाला काही केलं नाही, नुसतं पुसलं. बैलाला हात लावला नाही.

राखेच्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी मी स्वतः क्रूस पोचवायला गेलो. ओसरीवर तीच फळी अजून आहे, सागाची, मास्तरांच्या वडिलांच्या वेळची, मधोमध बैठकीच्या आकाराचा फिकट चौकोन पडलेला. मावशींनी क्रूस त्या चौकोनावर नेमका ठेवला, जरा मागं सरकून पाहिलं, पुन्हा पुढं आल्या आणि अंगठ्यानं बटणाची चार भोकं चाचपली. मग आतून पायलीभर बाजरी आणून माझ्या पिशवीत ओतली. पैसे मी आधीच नको म्हटले होते, बाजरीला नाही म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही.

ती दोन वर्षांची पोरगी ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. मावशींनी तिला उचललं. पोरीनं बैलाकडं हात नेला, थांबली, आणि नव्या चकतीच्या भोकात करंगळी घालायला लागली.